सायीवरचा हात

सोमवार, २ सप्टेंबर

आले एकदाची. सामान अजून सोडलेलं नाही, पण खिडकीतून कालवा दिसतो आणि खालच्या मजल्यावर कोणीतरी व्हायोलिन शिकतंय. अजिबात येत नाही त्याला, तरी सोबत वाटते. प्रयोगशाळा पुढच्या वळणावर आहे. विभागप्रमुखांना सगळे नुसतं मॅडम म्हणतात. त्यांनी माझं तोंडभरून स्वागत केलं आणि चहा संपायच्या आत कामाला जुंपलं.

दोन खोल्यांमध्ये टेबलांवर दुधी रंगाचे पातळ, मऊ पत्रे बसवले आहेत. रबरासारखे, आत केसाहून बारीक तारा. इथे सगळे त्याला साय म्हणतात, आणि दिसतंही तसंच. एका खोलीत सायीवर हात दाबला की दुसऱ्या खोलीतली साय तशीच फुगून वर येते, बोटांसकट आणि उबेसकट. त्यावर आपला हात ठेवला की कोणीतरी हात हातात घेतल्यासारखं वाटतं. मी पहिल्यांदा हात ठेवला आणि दचकून हसले.

नेटवर्क सांभाळणाऱ्याला इथे घाईकर म्हणतात, कारण त्याला जेवणाच्या रांगेतसुद्धा उशीर सहन होत नाही. त्याने समजावलं की स्पर्श तारेतून जायला वेळ लागतो आणि बोटांना तो उशीर लगेच कळतो. म्हणून पलीकडचा प्रोग्रॅम आपली पुढची हालचाल ओळखून आधीच करून टाकतो. त्याला हे लोक ‘अंदाज’ म्हणतात. अंदाज चुकला तर, असं मी विचारलं. तो म्हणाला, चुकत नाही हो, माणसाचा हात फार सवयीचा असतो.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

साय बोटांच्या पेरांपाशी फाटायची, त्यावर उपाय शोधणं हे माझं काम. नवं मिश्रण जमलं! मॅडमसमोर ब्लेडने सरळ चीर दिली. गप्पा मारून परत बघतोय तर चीर मिटलेली. घाईकरने भिंग लावून पाहिलं, त्यालाही जागा सापडली नाही.

आता साय प्रयोगशाळेबाहेर वापरून बघायची आहे. कोणाच्या घरी पेशंट आहे का, असं मॅडमनी विचारलं. मी आईचं सांगितलं. झटका आल्यापासून तिला नीट ऐकू येत नाही, शब्दही अडखळतात. ती ताईकडे असते, इथून खूप लांब. फोनवर मी नुसता तिचा श्वास ऐकत बसते. मॅडमनी लगेच होकार दिला.

गुरुवार, २६ सप्टेंबर

आज आईचा हात धरला.

ताईने आईच्या पलंगाशेजारी साय लावली होती. मी इथे तळवा टेकवला आणि वाट पाहत बसले. मग साय हलली. लहान, थोडी वाकडी बोटं वर आली आणि अंगठा माझ्या मनगटाच्या हाडावरून गोल फिरायला लागला. लहानपणी मला ताप आला की ती अशीच बसायची. ताई फोनवर रडत होती. आई म्हणतेय, आली गं माझी आली, एवढंच तिने सांगितलं. घाईकर खोलीबाहेर जाऊन उभा राहिला. त्याच्या अंगात एवढी समज असेल असं वाटलं नव्हतं.

मंगळवार, १ ऑक्टोबर

ताई हसत म्हणाली की अगं, तुला काही कामधाम आहे की नाही, सकाळपासून आईचा हात सोडला नाहीस. मी सकाळभर मीटिंगमध्ये होते. सायीच्या खोलीत पाऊलही टाकलं नव्हतं.

घाईकरने तपासलं. तेवढा वेळ लाइन बंदच होती. म्हणजे आईच्या हातातला हात नुसता अंदाज होता. त्याला भलताच आनंद झाला. मॅडमसुद्धा म्हणाल्या, केवढी मोठी गोष्ट आहे ही. मी म्हटलं, ती माझी आई आहे, आधी ते बंद करा. कोणी वाद घातला नाही. घाईकरने माझ्यासमोर अंदाजाचा प्रोग्रॅम काढून टाकला. जीव भांड्यात पडला.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

बंद झालेलं नाही.

ताई आता हसत नाही. आई जेवायला उठत नाही, सायीवरचा हात काढत नाही. काढायला गेलं की म्हणते, दुखतंय, ओढू नकोस. ताईला आधी तो हट्ट वाटला. मग तिने नीट बघितलं. साय आईच्या बोटांवरून वर चढली होती. ताईने प्लग काढला. कात्रीने साय कापली. दुसरी चीर देईपर्यंत पहिली मिटली.

ते माझं मिश्रण आहे. चीर मिटायची तर आधी आपण कसे होतो ते सायीला आठवावं लागतं. मी तिला आठवण दिली. आणि तिने आमचे हात लक्षात ठेवले.

घाईकरला हे सांगितलं. त्याने लाइनचे आकडे पुन्हा एकदा तपासले. मग म्हणाला, पण प्लग काढलाय ना त्यांनी, मग ती हलते कशावर.

सोमवारचं तिकीट मिळालं. त्याआधीचं नाहीच.

रविवार, ६ ऑक्टोबर

दुपारी प्रयोगशाळेत गेले. वाटलं, माझ्याकडच्या सायीवर आई भेटली तर तिला थोपटून सांगेन की उद्या येतेय. साय लगेच वर आली. तीच बोटं. अंगठा मनगटावर गोल फिरत होता, शांतपणे. मला इतकं बरं वाटलं की डोळे मिटून बसून राहिले.

फोन वाजला. ताई हॉस्पिटलमधून बोलत होती. आई पहाटेपासून बेशुद्ध आहे. ती बेशुद्ध पडली आणि सायीने तिचा हात आपणहून सोडला. ताई म्हणाली, साय घरीच आहे, मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

माझा डावा हात फोनवर होता. उजव्यावर अंगठा फिरत होता.

हिसका मारून हात सोडवला. सुटला. पाठीमागे साय थोडी उचलली गेली, हाताच्या मागे आल्यासारखी —

सोमवार, ७ ऑक्टोबर, सकाळ

आई गेली. ताईने एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला.

गाडी दुपारची आहे. त्याआधी ती साय भट्टीत टाकायची. घाईकर बरोबर येतो म्हणालाय. मॅडमना विचारणार नाही.

सोमवार

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर लागेल का माहीत नाही.

साय काढायला गेले. चिमटा हातात होता. ती वर आली. आईचा हात. मला माहीत होतं ती आई नाही. पूर्ण माहीत होतं. पण आईला शेवटचं बघितलं नव्हतं — एकदाच, म्हटलं. एकदा धरून सोडते.

सुटत नाहीये.

घाईकरने ब्लेड चालवलं. मिटतंय. तो रडत होता. मिश्रण विरघळवायचं रसायन खालच्या मजल्यावर आहे, ते आणायला पळालाय. आला नाही अजून.

मनगट झाकलं. दुखत नाही. ऊब आहे — अंगठा फिरतोय — मधेच थांबतो, जणू काही शिकतोय —

ताईचा फोन. टेबलावर स्पीकरवर टाकलाय. ती घरी आलीय. म्हणाली, आईच्या खोलीतली साय वर आलीय. दोन हात आहेत. एक आईचा. दुसरा तुझा ना गं, तू तिकडून धरलायस ना.

ओरडले. ताई, लावू नकोस हात. खोलीबाहेर जा.

ती म्हणते, आवाज तुटतोय, काही कळत नाही. पुन्हा ओरडले. ती म्हणते, असू दे, बोलू नकोस, नुसती सोबत बस. म्हणते, आता आपण दोघीच

ताई नको

म्हणते, धरला बघ. म्हणते, अगं किती घट्ट ध