कपाळावर आठी: नाही

सोमवार, ३ तारीख

जगात अन्याय पुष्कळ आहेत. पण पेनाला वीतभर दोरी बांधून ते टेबलाला जखडून ठेवण्याइतका थंड डोक्याने केलेला अन्याय मी तरी पाहिलेला नाही. आज नव्या नोकरीचा पहिला दिवस. टेबल झकास, खुर्ची फिरती, खोली गारेगार, आणि पेन मात्र कैदेत. संमतीपत्रावर सही करायला येणारा प्रत्येक जण असा ओणवा होतो की वाटतं, माझ्या पाया पडतोय. आज एकोणीस बायका आणि दोन पुरुष माझ्यापुढे वाकले. शाळेत बावीस वर्षं कारकुनी केली, तिथे शिपाईसुद्धा कधी वाकला नव्हता. दोरी वाढवून मिळावी असा लेखी अर्ज करणार आहे. पण तो लिहायला आधी पेन सुटलं पाहिजे.

तक्रार एवढीच. बाकी सगळं छान. शाळा बंद पडली, आणि एकावन्नाव्या वर्षी नव्या गावात नवी नोकरी मिळाली. धाकटी फोनवर म्हणाली, ताई, तुझं नशीबच जोरावर. धाकटी म्हणजे माझी बहीण. मला जे मिळतं ते नशिबाने आणि तिला मिळतं ते कष्टाने, असा तिचा लहानपणापासूनचा सिद्धांत आहे.

खोली शिंप्याच्या दुकानावर आहे. शिंपीदादांनी सामान वर चढवायला स्वतःहून मदत केली आणि चहाही पाजला.

कामाची जागा म्हणजे सुईने चेहरा तरुण करून देण्याचं शिक्षण देणारी संस्था. नवशिक्या न्हाव्याला डोकं लागतं, तसे इथल्या शिकाऊ मुलींना चेहरे लागतात. म्हणून बाहेर जे होतं ते इथे पाव किमतीत. पिस्ता रंगाचे एप्रन घालून मुली लगबगीने फिरत असतात. संस्थेच्या मालकीणबाईंना सगळे मॅडम म्हणतात. त्यांचा चेहरा बघून वय विचारावंसं वाटत नाही; आणि विचारलं तरी तो चेहरा काही सांगणार नाही.

मंगळवार, ४ तारीख

आज कामाची मेख समजली. सुया टोचून पंधरा दिवस झाले की माणूस तपासणीला येतो, तेव्हा त्याचं समाधान-पत्रक भरायचं. भरायचं मी. त्याला काही विचारायचं नाही. मॅडमचं म्हणणं, माणूस भिडेखातर खोटं बोलतो, पैसे परत मिळावेत म्हणून खोटं बोलतो. चेहरा खोटं बोलत नाही. पत्रकात तीनच रकाने. कपाळावर आठी आहे की नाही? भुवया आक्रसल्यात की नाही? ओठांचे कोपरे वर की खाली? बघायचं आणि खूण करायची.

आता जिथे आठी पाडणारा स्नायूच औषधाने झोपवलाय, तिथे आठी यावी कुठून? मी हे हसत हसत मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, अगदी बरोबर, म्हणूनच तर तीन वर्षांत एकही तक्रार नाही. थट्टा करत होत्या की काय, चेहऱ्यावरून कळेना.

शुक्रवार, ७ तारीख

शिकाऊ हातांचे नमुने आता ओळखू येतात. एका बाईंची डावी भुवई इतकी वर गेलीय की मी बसा म्हटलं तरी त्यांना ते पटलेलं नाही असं वाटतं. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची उजवी पापणी अडकलेल्या शटरसारखी अर्ध्यावर राहिलीय. म्हणाले, बाई, मी येताजाता डोळा मारतो म्हणून शेजाऱ्यांनी घरी निरोप धाडलाय. आवाज रडवेला, कपाळ काचेसारखं. मी खूण केली: समाधानी. स्वस्तातली भुवई अशीच असायची, असंही मनात आलं. पाव किमतीत पापण्या का मोजूनमापून मिळतात?

आणि एक हसऱ्या बाई आहेत. रोज दहाला येतात आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत आतल्या दाराकडे तोंड करून संध्याकाळपर्यंत बसतात. वेळ घेतलेली नसते, काम काही नसतं. चेहऱ्यावर भलंमोठं हसू. पहिल्या दिवशी मीही उलट हसत राहिले. शेवटी गाल माझे दुखले. काहीतरी पुटपुटतात, पण ओठ हलत नसल्यामुळे कळत नाही. शिकाऊंपैकी एक चष्मेवाली आहे, पोर गुणी आहे. ती म्हणाली, काकू, तिकडे लक्ष नका देऊ, त्या समाधानी आहेत. त्यांचंही पत्रक रोज भरायचं असा मॅडमचा हुकूम आहे. महिन्याची टक्केवारी वर जाते. भरते.

सोमवार, १० तारीख

मॅडम म्हणाल्या, स्वागताला बसणाऱ्या बाईच्या कपाळावर पाटीवर ओढल्यासारख्या रेघा शोभत नाहीत. माझ्या आठ्यांवर बावीस वर्षं शाळा चालली हे त्यांना कोण सांगणार! पण फुकट आहे म्हटल्यावर माझ्यातली मध्यमवर्गीय बाई आधी खुर्चीत जाऊन बसली, मी मागून गेले.

सुया चष्मेवालीने टोचल्या. महिनाअखेरीस तिची परीक्षा आहे. पांढऱ्या पेन्सिलीने ठिपके काढले: कपाळावर पाच, भुवयांच्या मध्ये तीन आणि ओठांच्या कोपऱ्यांखाली एकेक. ते दोन संस्थेकडून भेट. पोरीने एकेक ठिपका दोनदा पुसून काढला, तेव्हा मीच तिला म्हटलं, घाबरू नकोस गं, जुनाच चेहरा आहे.

शिवाय एक कुपन मिळालं. कर्मचाऱ्याच्या एका नातेवाइकाला सगळं फुकट. पंचवीस तारखेला सकाळी अकरा वाजता, परीक्षेच्याच दिवशी. मी धाकटीचं नाव घालून सही ठोकली. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय की कुपन रद्द होत नाही. नातेवाईक आला नाही तर सही करणाऱ्याने खुर्ची भरावी. धाकटीला फोन केला. ती म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या बहिणीचा उपयोग झाला.

शनिवार, १५ तारीख

कपाळ इस्त्री केल्यासारखं झालंय. भाजीवाल्याने चार सडके टोमॅटो घातले, म्हणून मी माझा तो चेहरा केला, ज्याने मुख्याध्यापक गप्प व्हायचे. तो म्हणाला, मावशी, तुमच्यासारखं प्रेमळ गिऱ्हाईक मिळत नाही हो. आणि पाचवा सडका टोमॅटो वर टाकला.

हसू आलं. पण हसू आलं की आधीपासूनच होतं, ते सांगता येईना.

मंगळवार, १८ तारीख

शिंपीदादांचे वडील गेले. मी खाली भेटायला गेले. सतरंजीवर सगळे माना खाली घालून बसले होते. शिंपीदादांनी वर पाहिलं आणि बघतच राहिले.

मी हसत होते.

तोंडावर पदर धरला. बोट लावून ओठांचे कोपरे खाली ओढले. सोडले की पुन्हा वर. शिंपीदादा म्हणाले, ताई, तुम्ही जा. एवढंच म्हणाले.

रात्री पाणी प्यायले तर हनुवटीवरून ओघळलं.

गुरुवार, २० तारीख

घास गिळताना अडतो. ‘प’ आणि ‘म’ म्हणता येत नाही. ओठ मिटत नाहीत. ‘मॅडम’सुद्धा नीट म्हणता येईना. त्यांच्यासमोर उभी राहिले आणि जमेल तसं सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही, पाहिलं. एक कोरं पत्रक घेतलं, माझ्याकडे बघून तीन खुणा केल्या.

समाधानी.

बाहेरच्या डॉक्टरकडे गेले. त्याने डोळ्यांत बॅटरी मारली, म्हणाला, औषध तीन-चार महिन्यांत आपोआप उतरतं. मग नर्सला हाक मारून म्हणाला, बघा, आजारी माणसाने कसं हसतमुख राहावं!

शुक्रवार, २१ तारीख

आज हसऱ्या बाईंकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे. ते हसत नाहीत. कधीच हसत नव्हते. मी इतके दिवस ओठ बघून खुणा करत होते.

त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला. कपाळ, मग ओठांचे कोपरे. मग माझा हात घट्ट धरला आणि आतल्या दाराकडे बोट केलं.

जेवणाच्या सुटीत कपाट उघडलं. त्यांची फाइल सापडली. सुया एकदाच टोचल्या, दोन वर्षांपूर्वी. दोन वर्षं! उतरतं म्हणे.

धंदा: स्वागतिका, इथेच. म्हणजे याच खुर्चीत.

कुपन: मुलगी. तिची फाइल त्याला टाचलेली. परीक्षेचा चेहरा. कपाळ, ओठ, मान. परीक्षेत मानेतही देतात, हे मला माहीत नव्हतं. खाली पेन्सिलीने — ११.४० श्वास लागला. रुग्णवाहिका, मागच्या दाराने.

समाधान-पत्रक कोरं. बघायला चेहराच परत आला नाही.

त्या रोज त्या दाराकडे बघत बसतात. आणि मी रोज —

धाकटी. पंचवीस तारीख.

रविवार, २३ तारीख

फोन केला. माझे शब्द ऐकून ती खो खो हसली. म्हणाली, ताई, तोंडात काय कोंबलंयस? मग लिहून पाठवलं: येऊ नकोस. इथे मुलगी मेली. तिचं उत्तर: स्वतः तरुण झालीस, आता मला म्हातारीच ठेवणार का गं? तुझं नेहमीचंच टोचून बोलणं!

आयुष्यभर हिला टोचूनच बोलले. सरळ कसं बोलतात, ते हिने माझ्या तोंडून कधी ऐकलेलंच नाही.

फोनवर चेहरा दाखवला. म्हणाली, अय्या, किती खूश दिसतेस!

पोलीस चौकीवर कागद लिहून दिला. साहेबांनी कागद वाचला, मला पाहिलं, कागद परत दिला. त्यांच्या बायकोनेही संस्थेतच करून घेतलंय. समाधानी आहे.

सोमवार, २४ तारीख

आली. गळ्यात पडली. मी रडत होते. ती म्हणाली, आनंदाश्रू बघा बाईसाहेबांचे.

ही वही तिच्या हातात दिली. वाच. पहिलं पान वाचलं, पेनाची दोरी, माझ्या पाया पडणाऱ्या बायका. मांडीवर थापा मारून हसली. दुसऱ्या पानावर शटरची पापणी. डोळे पुसत म्हणाली, ताई, हे छापायला दे, तुझ्यासारखं खोचक कोणी लिहीत नाही. पुढचं झोपताना वाचते म्हणाली. पुढच्याच पानावर डोळा लागला. दिवसभराचा प्रवास.

मी तिच्या कपाळाकडे बघत बसलेय. झोपेतही एक बारीक आठी आहे. आईची होती, तशीच.

बोटं वळत नाहीत नीट. अक्षर बघा काय झालंय.

मंगळवार, २५ तारीख

ती न्हाणीत असताना खोलीच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं. किल्ली शिंपीदादांच्या मशीनवर ठेवली. चिठ्ठी — बारानंतर उघडा. त्यांनी वर पाहिलं नाही. बरं झालं.

वरून हाका ऐकू येत होत्या. ताई, काय चावटपणा आहे हा. मग नुसतं, ताई —

तिला घेऊन पळाले असते तरी मॅडमनी तिला फोन केला असता. उद्या, महिन्याने. धाकटी आलीच असती. कुपन उघडं राहता कामा नये. सही माझी आहे.

खुर्चीत बसलेय. वही मांडीवर. मॅडम म्हणाल्या, बहीण नाही आली? मान हलवली. त्यांनी धाकटीचं नाव खोडून माझं घातलं, शिक्का मारला. एवढंच होतं. कोणी आवाजही चढवला नाही.

परीक्षक आले. चष्मेवाली ठिपके काढतेय. कपाळ. ओठ. आता मान — पेन्सिल गार लागते.

तिचा हात थांबला. वाकून कानात म्हणाली, काकू, तुम्हाला नको असेल तर आत्ता सांगा. मी सांगितलं. जमेल तेवढ्या जोराने सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. म्हणाली, बरं झालं बाई, तुम्ही हसताय.

अकरा वाजून दहा.

पहिली सुई. दुसरी.

धाकटे, तुझं नाव आता इथल्या कुठल्याच यादीत ना