खोबरेलाचा धूर

पप्पा, तुमच्या गाडीचं जुनं इंजिन आज सुरू झालं. बावखलाच्या, वाडीतल्या त्या छोट्या तळ्याच्या काठी छपरात असायचं, केळींना पाणी ओढायचं, तेच. दुपारची वेळ होती, वाडीत सगळं पेंगलेलं, आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला तो थेट खोबरेल तेलाच्या वासाचा. मी पीयूसीच्या मशीनची नळी हातात धरून उभी होते ती तशीच राहिले. क्षणभर मला वाटलं, आत मम्मी खोबरेलात पिठाचे गोल फुगे तळतेय, आज सण आहे, आणि तुम्ही आता पांढरा शर्ट घालून बाहेर याल आणि चर्चमध्ये मिस्सेला उशीर होतोय म्हणून हॉर्न वाजवाल. हॉर्न काही वाजला नाही. तो अजून दुरुस्त करायचाय.

मी सात-आठ वर्षांची असताना हे इंजिन गाडीतून निघालं. लोण्याच्या रंगाची आपली गाडी अंगणात बॉनेट उघडून उभी आहे आणि तुम्ही नि तुमचे मिस्त्री दोस्त, मिठागराकडच्या गावचे, दोघं साखळीने ते वर ओढताय. पेट्रोल परवडत नाही म्हणून एका मोडक्या टेम्पोचं डिझेल इंजिन तुम्ही तिच्यात बसवलंत. तेव्हा बरेच जण बसवायचे, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. फक्त गाडीच्या आरसी बुकात ते चढवायचं राहिलं. आज जाऊ उद्या जाऊ करत तुम्ही आरटीओत गेलाच नाहीत. बुक म्हणे पेट्रोल, गाडी खाई डिझेल. काढलेलं इंजिन मात्र तुम्ही भंगारात दिलं नाहीत. ते बावखलाकाठी नेऊन पंपाला पट्ट्याने जोडलंत, पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचात. मी शेजारच्या दगडावर बसायची. पाटाने पाणी निघालं की केळीच्या पानांतून ऊन त्यावर पडायचं आणि मला त्या आवाजात झोप यायची. मी बारा वर्षांची झाले तेव्हा पोरीच्या जातीला काय द्यावं असा काही विचार न करता तुम्ही मला फिलर गेज दिलंत, पोलादाच्या पातळ पात्यांचा तो जुडगा. इंजिनातल्या टॅपेटच्या फटीत पातं सरकलं पाहिजे, पण किंचित अडखळून, हे तुम्ही माझं बोट धरून शिकवलंत. ते अडखळणं मला अजून बोटांत कळतं.

मग मी लग्न करून विरारला फुलपाड्यात आले आणि पत्र्याच्या केबिनमध्ये पीयूसी सेंटर टाकलं. तुम्हाला त्याचं केवढं कौतुक होतं. गिरीजच्या घरून गाडी घेऊन आलात, रांगेत थांबलात, लेकीचं दुकान म्हणून मध्ये घुसला नाहीत. गाडी काळा धूर ओकत होती. बुकात पेट्रोल, त्यामुळे मशीनला डिझेलचा धूर दाखवून चालणार नव्हतं. मी फार विचार केला नाही. शेजारी माझ्या नवऱ्याची पेट्रोल गाडी उभी होती, नळी तिच्यात घातली, कॅमेरा तुमच्या नंबरप्लेटवर धरला आणि पास झाल्याची चिठ्ठी तुमच्या हातात दिली. आपला तो बाब्या. बाहेरच्या कुणाला असली चिठ्ठी मी तेव्हाही देत नसे. तुम्ही चष्मा लावून चिठ्ठी वाचलीत, घडी घातलीत आणि माझ्या टेबलावर परत ठेवलीत.

"बाय, गाडी माझी आणि धूर दुसऱ्याचा," तुम्ही म्हणालात. "असला कागद घरच्या माणसाला देऊ नकोस."

चारचौघांसमोर म्हणालात ते मला झोंबलं. मी म्हणाले, तुमच्या बुकातच खोटं लिहिलंय, मग मला कशाला शिकवता? तुम्ही चष्मा खिशात ठेवलात आणि उठलात. चहा सांगितला होता तोही घेतला नाहीत. त्यानंतर तुम्ही माझ्याकडे आलात ते कायम एसटीने, हातात केळ्यांची पिशवी. गाडी पुन्हा कधी फुलपाड्याला आली नाही, आणि काही दिवसांनी तर घराकडच्या छपराबाहेरच निघेना. मला वाटलं, राग. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं मी नवऱ्याला म्हणायची. मी त्यानंतर कुणालाही खोटी चिठ्ठी दिली नाही. पण हे तुम्हाला सांगायलाही कधी गेले नाही, आणि दोन वर्षांनी तुम्ही गेलात. त्याला आता अकरा वर्षं होतील.

यंदा भाऊ म्हणाला, गाडीचं छप्पर पाडायचंय, पावसाआधी गाडी भंगारात देतो. त्याचंही चूक नाही. इतक्या जुन्या गाडीचे कागद कधीच संपलेत, आणि बुकात एक नि बॉनेटखाली दुसरं म्हटल्यावर ते नव्याने कोण करून देणार? एकच वाट उरली होती. पन्नास वर्षं उलटलेली गाडी मूळ रूपात असेल, इंजिनात फेरफार नसेल, तर ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. मग ती रोज रस्त्यावर आणता येत नाही, पण मोडीतही जात नाही. आपल्या गाडीची पन्नाशी झालीय. मी भावाकडून महिना मागून घेतला, मिस्त्रीकाकांना बोलावलं आणि बावखलाकडे गेले.

इंजिनावरची ताडपत्री काढताना मी मनाची तयारी केली होती की आत गंजाचा गोळा निघणार. काका काठी टेकत आले. ऐंशी पार केलीय त्यांनी, पण पान्याला हात लागला की पाठ सरळ होते. त्यांनी एक प्लग खोलला, आत बोट घातलं आणि बाहेर काढून माझ्या नाकाशी धरलं. बोटावर तुपासारखं घट्ट, पिवळं काहीतरी होतं. आपल्याच माडांचं तेल, पप्पा. चारही सिलिंडरमध्ये. इंजिनाच्या क्रमांकावरही तेलाचा थर होता. फडक्याने पुसला तर आकडे लखलखीत, आणि बुकातल्या आकड्यांशी एकूण एक जुळणारे. मी काकांना विचारलं, हे कधी केलं त्यांनी? पंप तर केव्हाच विजेवर गेला होता.

"तुझ्याकडून चिठ्ठी ठेवून आला ना, तेव्हापासून," काका म्हणाले. "दर सणाला, गंज चढू नये म्हनून, तेल ओतायचा, हाताने फिरवून ठेवायचा. म्हनायचा, हे परत गाडीत बसवायचं, पोरीच्या मशीनला खरा धूर द्यायचाय. पोर खरं बोलली, म्हनायचा. मग डॉक्टरने वजन उचलायला बंदी केली, आनि राहूनच गेलं."

मी तिथेच त्या दगडावर बसले आणि खूप रडले. तुम्ही रागावला नव्हता, तुम्ही कामाला लागला होता. मला वाटत राहिलं की तुम्ही मला टाकलंत, आणि तुम्ही इथे केळींच्या सावलीत वाकून माझ्यासाठी तेल ओतत होता. एक शब्द बोलला असतात तर? पण मीही कुठे बोलले.

पंधरा दिवस इंजिन भिजत ठेवलं, धुतलं, गॅस्केटं नि प्लग तेवढे बदलले, बाकी जसंच्या तसं. टॅपेटं मी तुमच्या गेजने लावली. पातं अडखळलं. डिझेल इंजिन उतरवलं, हे जागेवर बसलं, आणि आज किल्ली फिरवली. कितीही धुतलं तरी खोबरेल आत कुठेतरी राहिलेलंच. मंगळवारी आरटीओचे साहेब तपासायला येणार आहेत, ते क्रमांक बघतील, आणि क्रमांक जुळतोय. धुराची चिठ्ठी मला हवी होती, माझ्यासाठी. सेंटरचं मशीन त्यासाठीच गिरीजला आणलं होतं. मी नळी तुमच्या गाडीत घातली, कॅमेरा तुमच्याच नंबरप्लेटवर धरला. आकडा हद्दीच्या कितीतरी वर. नापास. मी तो कागद छापला आणि गाडीच्या कप्प्यात ठेवला. हे पत्रही त्याच्याखालीच ठेवणार आहे. गाडी तुमची, धूरही तुमचा.

काका म्हणाले, काळजी नको, अर्धा तास चालू ठेव, तेल जळून गेलं की पास होईल. मी दहाच मिनिटांत, धुराला खोबरेलाचा वास होता तोवरच, किल्ली बंद केली. त्यांना म्हणाले, पेट्रोल संपत आलंय. टाकी अर्धी भरलेली होती, पप्पा.