चित्रातल्या बाईचं कुंकू

अण्णा, तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, आणि मी इथे सिंगापूरला मुलाच्या फ्लॅटमध्ये बसून तुम्हाला लिहितेय. चौथीत शाळा सुटली, अक्षर तसंच राहिलं. हसू नका.

रविवारी मुलानं म्युझियममध्ये नेलं. एसीत कुडकुडून पाय वळले, मी म्हटलं, चल की आता. तर समोर तेच चित्र. ग्रीक गोष्टीतला लढवय्या मरून पडलाय, बायको शेजारी बसून वर बघतेय, पोरगं तिला बिलगलंय. तालमीच्या वस्तादांनी कॅलेंडरावरचं हेच चित्र तुमच्याकडे आणलं होतं, भिंतीवर मोठं काढून द्या म्हणून. अजून डोळ्यांसमोर आहे, मी रंगाचे डबे धरून तुमच्या शिडीखाली उभी आहे, टर्पेंटाइनच्या वासानं डोकं उठलंय. शेवटी तुम्ही त्या बाईला कुंकू लावता आणि वस्ताद भडकतात. "अहो पेंटर, नवरा मेलाय तिचा! पुसा ते." तुम्ही शिडीवरनंच, "लग्नाआधी लावत नव्हती का? यानं दिलं नाही, मग हा नेणार कसा?" "अहो, पण ती ग्रीक आहे!" "मग आपले नियम तिला कशाला?" वस्तादांनी हसून चहा मागवला. कुंकू राहिलं.

माझा नवरा गेला तेव्हा तुम्ही नव्हतात. जावेनं ओल्या फडक्यानं माझं कपाळ पुसलं, आणि एरवी कुणाचं ऐकून न घेणारी मी गप्प बसले. तेव्हापासून आरशात दुसरीच कोणी दिसते. म्युझियममधल्या बाईचंही कपाळ कोरंच. माझं बोट आपोआप पुढे गेलं. "आई, हात नको लावूस, गार्ड बघतोय!" पोरगा दबक्या आवाजात ओरडला.

परवा एकटीच इथल्या एमआरटी ट्रेननं लिटिल इंडियात, आपल्याकडच्या लोकांच्या बाजारात गेले. कुंकवाची डबी घेतली आणि दुकानाच्या काचेत बघून तिथंच लावलं. घरापर्यंत घाबरतच आले. लोकांची भीती नाही, इथे मला ओळखतंय कोण! मुलाची. दार त्यानंच उघडलं. बघत राहिला. मग खिशातनं रुमाल काढून हात माझ्या कपाळाकडे आणला. मी डोळे मिटले. "घामानं ओघळलंय, आई," म्हणाला, आणि नाकावरचा ओघळ तेवढा टिपला.

हे पत्र पिठाच्या डब्याखाली सरकवते, टाकायचं तरी कुठे. तुमच्या लेकीचं एवढंच ऐका अण्णा, डोळे मिटले तेव्हा मी त्याला पुसू देणार होते.