भावानेच मारलं म्हणतात

४ नोव्हेंबर, मंगळवार

तो सिनेमा बघून आले! एकटीच गेले. नवऱ्याला सांगितलं, दुकानात काचांचा माल यायचाय, उशीर होईल.

सुरुवातीलाच पाटी — सत्य घटनेवर आधारित, नावं बदलली आहेत. नावं बदलली, पण टेलिफोन एक्स्चेंज तेच, जिन्यावरची खोली तीच, नि सकाळची पाळी संपवून घरी आलेली ती मुलगीही तीच. माझी आत्या. मी तिला पाहिलं नाही कधी. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी गेली.

मला वाटलं होतं, लाइनमनपाशी येऊन थांबतील. घरात मी तेच ऐकत आले — एक्स्चेंजमधला लाइनमन तिच्या मागे लागला होता, त्यानेच गळा आवळला, पुराव्याअभावी सुटला. सुटला तरी गावाने त्याला सोडलं नाही, परागंदा झाला. पण नाही! अगदी शेवटी कळतं, लाइनमन बिचारा निर्दोष. दोघं लग्न करणार होते. मारणारा धाकटा भाऊ. सतरा वर्षांचा. टेलिफोनच्या वायरने.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आत्याला भाऊ एकच. ते आत्ता वरच्या खोलीत खोकतायत. माझे बाबा.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दुकानात दिवसभर तोच विषय. चष्म्याचं दुकान न्हाव्याच्या दुकानासारखंच — माणूस खुर्चीत बसला की तोंड सुटतं. बँकेतल्या बाई म्हणाल्या, "ते जुने टेलिफोन काय हुबेहूब दाखवलेत! खटाखट वायरी खोचणाऱ्या त्या मुली!" एक कॉलेजातला म्हणाला, "शेवट मी आधीच ओळखला होता. भावाचे डोळे बघा ना, पहिल्यापासून खुनशी."

मग सिनेमावाल्या काकू. आमच्या शेजारच्या. नवा सिनेमा लागला की पहिल्या दिवशी हजर. म्हणाल्या, "अगं, घरचाच असतो नेहमी! बाहेरच्यावर ढकलतात नि आपण नामानिराळे. आणि आई-बाप? तोंडात मिठाची गुळणी!"

मी फ्रेमची काडी वाकवत होते. कट्कन मोडली. नवी होती.

इथे कुणाला माहीत नाही आम्ही कोण ते. एवढं बरं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

नको नको म्हणत फोनवर लोकांची मतं वाचत बसले. 'पाचपैकी साडेचार.' 'गाणी नसती तर बरं.' 'नायिका जरा जास्तच मोकळी दाखवलीय, म्हणून तर असं होतं.' (लिहिणारीला कोण विचारतंय!)

नि एक — 'आमचं मूळ गाव तेच. तेव्हाही अर्धं गाव भावाचंच नाव घ्यायचं.'

हे कितीदा वाचलं मी. त्याखाली कुणीतरी विचारलंय, मग आता कुठे असेल तो? त्यावर उत्तर — 'असेल कुठेतरी नातवंडं खेळवत.'

फोन पालथा घातला. वरून लेकीच्या हसण्याचा आवाज येत होता. बाबा तिला कागदाची बोट करायला शिकवत होते.

९ नोव्हेंबर, रविवार

बाबांनी रद्दी बांधली. आयुष्यभर पुस्तकांच्या गोदामात पार्सलं बांधली त्यांनी. सुतळी पंजाला गुंडाळून असा हिसका देतात की गठ्ठा दगडासारखा घट्ट! लहानपणी मला त्या हिसक्याचं कोण कौतुक. आज अंगावर काटा आला.

म्हणाले, "बोट ठेव गं गाठीवर."

मी म्हटलं, हात ओले आहेत.

ओले नव्हते.

१० नोव्हेंबर, सोमवार

विचारलंच. चहा देताना, सहज विचारल्यासारखं. "बाबा, आत्या गेली त्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

कप बशीवर वाजला. "बाहेर."

"बाहेर म्हणजे?"

"बाहेर म्हणजे बाहेर. घरात नव्हतो."

आणि मग आपणहून — "पोलिसांनाही तेच सांगितलं होतं."

पोलिसांचं मी नावसुद्धा काढलं नव्हतं!

११ नोव्हेंबर, मंगळवार

लेकीला आजपासून शाळा सुटल्यावर दुकानातच बोलावलंय. बाबांना म्हटलं, वर गेली की खेळत बसते, अभ्यास राहतो. त्यांनी मान डोलावली. का, कशाला, काही नाही. का नाही विचारलं?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नवऱ्याला सांगितलं शेवटी. तो कांदा चिरत होता. डोळे पुसत म्हणाला, "वेडी आहेस का? सिनेमा आहे तो. तिकिटं खपावीत म्हणून शेवट फिरवलाय."

"लोक म्हणतात—"

"लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला! अगं, तुझे बाबा पायाखाली मुंगी आली तरी हळहळणारे."

बरं वाटलं. पुन्हा सुरी चालू झाली. मग एकदम थांबली.

"पण ते तिच्याबद्दल कधीच कसं बोलत नाहीत गं? आपल्या लग्नाला इतकी वर्षं झाली. सख्खी बहीण ना? अवाक्षर नाही."

झालं! त्यालाही लागण झाली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बाबा रोज जेवले की 'वाचनालयात जातो' म्हणून निघतात. आज वाचनालयातल्या बाईच नंबर तपासायला आल्या. तक्त्यावरची अक्षरं वाचता वाचता म्हणाल्या, "बाबा बरे आहेत ना तुमचे? बऱ्याच दिवसांत फिरकले नाहीत."

मी काचा बदलत राहिले. "ही स्पष्ट दिसते की ही?" त्या म्हणाल्या, दोन्ही सारख्याच.

मग रोज दुपारी जातात कुठे?

१७ नोव्हेंबर, सोमवार

बापाच्या मागे चोरासारखी गेले आज. लिहायलाही लाज वाटते, पण गेले.

बाबा हळू चालतात, त्यामुळे मलाच दुकानांच्या काचांत बघत थांबावं लागत होतं. वाचनालयाची गल्ली मागे पडली. पूल ओलांडला. नि वळून गेले कुठे — तर सिनेमाला! त्याच!

मीही तिकीट काढलं. चार रांगा मागे बसले. दुपारचा खेळ, थिएटर रिकामंच. सगळा वेळ मी पडदा बघितलाच नाही, बाबांची मान बघत होते. हलली नाही. मध्यांतराचे दिवे लागले तसे उठले, गुडघे चोळले, दाराकडे गेले. परत आले नाहीत.

दारावरच्या तिकीट फाडणाऱ्याला विचारलं. तो हसला. "ते आजोबा? रोज येतात की! अर्धा सिनेमा बघतात नि घरी. मी म्हटलं एकदा, आजोबा, खरी मजा तर पुढे आहे. तर म्हणे, मला एवढंच बघायचं असतं."

एवढंच? म्हणजे काय एवढंच? निर्दोष माणूस शेवट बघायला का घाबरेल? नि दोषी असेल तर रोज रोज येईल कशाला?

डोकं फुटायची वेळ आली. दुकानात एकाला दुसऱ्याचाच चष्मा दिला. तो बिचारा घालून पायरीवर धडपडला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज सरळ शेजारी जाऊन बसले. अंधारात त्यांनी वळून पाहिलं, दचकले नाहीत. मांडीवरची पिशवी पलीकडे घेतली, मला जागा केली. जसं काही आम्ही ठरवून आलो होतो.

पडद्यावर ती मुलगी एक्स्चेंजमध्ये बसलेली. कानाला ते यंत्र. शेजारणीने काहीतरी कुजबुजलं नि ही हसली — मान मागे टाकून, हाताने तोंड झाकत.

बाबांनी माझं मनगट धरलं. "हे बघ. हे बघ आता."

मध्यांतर झालं. बाहेर बाकावर बसलो. मला वाटलं मीच बोलेन, पण तेच बोलायला लागले. मी त्यांना इतकं बोलताना पाहिलेलं नाही.

"ताई अगदी अशी हसायची. अगदी अशी! त्या मुलीला कुणी सांगितलं असेल गं? फोटो तर एकही उरला नाही. ताई गेली नि तुझ्या आजोबांनी सगळे जाळून टाकले. मला तिचा चेहराच आठवेनासा झाला होता. डोळे मिटले की नुसता तिचा स्वेटर दिसायचा. इथे येऊन चेहरा आठवला."

"मग पुढचं का नाही बघत?"

"पुढे मरते ती. ते कशाला बघू?"

"लोक काय म्हणतात शेवटाबद्दल, ऐकलं नाहीत?"

"लोकांचं काय ऐकायचं? ते लाह्या खात असतात."

तिथेच रडू फुटलं मला. बाबांनी रुमाल दिला, तोही अगोदरच ओला होता.

म्हणजे त्यांना माहीतच नाही शेवटी काय दाखवलंय ते! मी सांगितलं नाही. आणि — हेही लिहिते, खोटं कुणाशी बोलायचं इथे — ते 'बाहेर होतो' अजून मला टोचतंय. पोलिसांचं का काढलं?

२० नोव्हेंबर, गुरुवार

व्हायचं ते झालंच.

बाबांच्या चष्म्याचं नाकावरचं पॅड निसटलं होतं, म्हणून दुकानात आले होते. स्टुलावर बसले होते. तेवढ्यात सिनेमावाल्या काकू! मी डोळ्यांनी खुणा करतेय, पण त्यांना दूरचं दिसत नाही आणि जवळचं बघायचं नसतं.

"काय हो, बघितला का तो खुनाचा सिनेमा?"

बाबा म्हणाले, "अर्धा."

"अर्धा! अहो, म्हणजे भावाने मारलं ते कळलंच नाही की तुम्हाला!"

बाबा स्टुलावरून उठले.

"भावाने?"

"धाकट्या भावाने हो! दिसायला कसा, गरीब गाय. नि ही खरी गोष्ट बरं का. मेला मोकळा सुटला. फासावर द्यायला हवा होता."

बाबांनी माझ्या हातातून चष्मा घेतला नि तसाच डोळ्यांवर चढवला. पॅड बसवायचं राहिलं होतं, एका बाजूला कलला. "मग बघायला हवा शेवटपर्यंत," म्हणाले. काकूंना नमस्कारही केला.

दारात थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. गेले दोन आठवडे मी अशी का वागत होते, ते त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं. मी मान खाली घातली.

"येशील उद्या माझ्याबरोबर?"

रागावून विचारलं असतं तर बरं झालं असतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

बाबा आज शेवटपर्यंत बसले. वायरीचा प्रसंग आला तेव्हाही डोळे मिटले नाहीत. बाहेर आल्यावर पुलाच्या कठड्याशी थांबले.

"मी नव्हतो गं."

"माहीत आहे मला, बाबा."

"नव्हतं माहीत. असू दे." मग म्हणाले, "पण घरातलंच माणूस होतं, एवढं त्यांनी बरोबर धरलं. जिन्यात उभा होतो मी. दार उघडून वडील बाहेर आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला नि म्हणाले, तू घरात नव्हतास."

आजोबा. मला सायकल शिकवताना मागून धरून पळणारे माझे आजोबा.

विचारलं, "मला का नाही सांगितलंत इतकी वर्षं?"

"तुझा किती जीव होता त्यांच्यावर!"

होता नाही. अजून आहे. त्याचं काय करू?