बुडाली!

३ फेब्रुवारी
उपचार केंद्रातल्या मोठ्या टाकीतलं कासव — आमची फुगी — आजही वरच! शेपटीकडची बाजू पाण्याबाहेर, तोंड खाली. हातपाय मारून मारून दमते बिचारी. बोटीच्या पंख्यानं पाठ फोडली, कवचाखाली हवा अडकली, तेव्हापासून हे असंच. जखम भरली, बुडी काही जमेना. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हिला समुद्रात सोडून उपाशी मारायचं का? पोटाला मिळवायला खाली जावंच लागतं." सोमवारी मत्स्यालयाची गाडी येणार. मग जन्मभर काचेमागं, आणि लोक टकटक करणार. माझा नुसता जीव तुटतो.

५ फेब्रुवारी
वजनानं तरी बुडेल म्हणून पाठीवर आणखी एक शिशाची पट्टी चिकटवली. जरा खाली गेली — पुन्हा वर!

६ फेब्रुवारी
आणखी एक. डोकं बाहेर काढून असा लांबलचक श्वास घेतला की वाटलं, माझ्यावरच वैतागली. तरंगतेच आहे, खुशाल!

७ फेब्रुवारी
आज नवा एक्स-रे काढला. डॉक्टरबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागूनच असतात. बुडी मारायच्या आधी ते हवा बेतून भरतं — किती खोल जायचं, अंगावर किती भार आहे, त्या हिशेबानं. जखमेमुळे आत अडकलेली हवा तर केव्हाच गेलीय!
"मग तरंगते कशी?"
"आपल्या कृपेनं! आपण वजन वाढवतो, ती हवा वाढवते."
म्हणजे तिला खाली धाडायच्या नादात आम्हीच तिला फुगवत होतो! हसावं की रडावं, कळेना. लगेच पट्ट्या काढल्या.

८ फेब्रुवारी
दिवसभर वरच. मी तर आशा सोडली होती.
संध्याकाळी डोकं बाहेर आलं. एक छोटासा श्वास — आणि गेली! थेट तळाला!
घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला. मी ओरडले, "बुडाली! बुडाली!"
पलीकडे भांडं पडल्याचा आवाज. "अगं, कोण बुडाली?"
आमची लेक जहाजावर नोकरीला. माझ्या ध्यानातच नाही!
"फुगी हो, आई! कासव!"
"कासव कसं बुडेल, मेले? माझा जीव गेला असता!"
समजावता समजावता नाकी नऊ आले. समजल्यावर मात्र त्याच रडायला लागल्या. मग मीही.

९ फेब्रुवारी, सोमवार
गाडी आली. ड्रायव्हरनं कठड्यावरून टाकीवर नजर फिरवली. "बाई, कासव कुठाय? टाकी तर रिकामी दिसतेय."
"गाडीही तशीच न्या," डॉक्टरबाई म्हणाल्या.