खाचांची बाटली

१० मे १९८७, रविवार
दत्ता आला नाही. आजचा धरून चौदावा रविवार. मोजायचे नाहीत असं ठरवलं होतं, पण पस्तीस वर्षं शाळेत हजेरी घेतलेला माणूस, सवय जात नाही.
टाकीतल्या थोरल्या सोनमाशाच्या शेपटीवर पांढरे ठिपके दिसले. मीठ भुरभुरल्यासारखे. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आहेत. बाकीचे चार ठीक. सकाळी दारावर पाव विकणाऱ्या पोदेराच्या पावाचा चुरा टाकला, तर थोरला वर आलाच नाही. तळाच्या दगडाला अंग घासत राहिला.

१२ मे, मंगळ.
केरीहून पहिल्या बसने येणारी सुमन मासळीवाली. तिच्याकडून जाडं मीठ घेतलं. कशाला ते सांगितल्यावर पाटी खाली ठेवून हसत बसली. टाकीतल्या माशांची आमटी कधी, हा दर वेळचा प्रश्न विचारलाच, मास्तर, ह्यांचं हुमण केन्ना? माझी बायको सुशीला असताना थट्टा त्या दोघींची चालायची, मला मध्ये जागा नसायची. आता उत्तर मला द्यावं लागतं आणि मला ते जमत नाही.
मूठभर मीठ विरघळवून घातलं. थोरला जरा हालला. की मला तसं वाटलं.

१४ मे, गुरु.
तिघांच्या अंगावर ठिपके. मिठाने काही होत नाही.
कपाटात मागे निळ्या औषधाची बाटली सापडली. टाकी दिली तेव्हाच दत्ताने देऊन ठेवली होती, ठिपके आले तर हे घाल म्हणून. माप सांगितलं असणार. मी ऐकलं नसणार. बाटलीवर त्याच्या अक्षरात 'मासे' एवढंच. बाजूला कागदाची खाचांची पट्टी, दवाखान्यातल्या मिक्श्चरच्या बाटल्यांना असते तशी. दत्ता जन्मभर कंपाउंडर. पट्ट्या कातरण्यात त्याचा हात धरणारा डिचोलीत नाही.
सुशीला गेली त्याच्या पुढच्या महिन्यात तो स्कूटरच्या पायाशी टाकी धरून आला होता. म्हणाला, घरात कोणीतरी जेवायची वाट बघणारं असू दे. मग दर रविवारी दहाला सर्वणहून यायचा, त्याच्या विहिरीच्या पाण्याचे दोन कॅन घेऊन. म्हणायचा, तुमच्या नळाच्या पाण्यात ब्लिचिंग, मासे टिकायचे नाहीत. दोघांनी मिळून टाकी धुवायची, चहा, मग पेपरावरून वाद.
शेवटचा वाद झाला तो देवळाच्या मंडपात. फेब्रुवारीत, कोकणीला राजभाषा करणारा कायदा झाला त्या आठवड्यात. तो कोकणीचा, मी मराठीचा, आणि ओरडत होतो दोघंही कोकणीत. तो काही चुकीचं बोलत नव्हता, म्हणूनच चारचौघांत म्हटलं, "तूं बाटल्यांचीं लेबलां वाच. भाशेचें आमकां शिकयनाका." लोक हसले. तो उठला, चपला घातल्या आणि गेला.
त्याचा एक कॅन अजून माझ्याकडे आहे. तेव्हापासून मी नळाचं पाणी बादलीत दोन दिवस उघडं ठेवून वापरतो. तेही त्यानेच सांगितलेलं.

१५ मे, शुक्र.
सकाळी एक खाच औषध घातलं. आपण माणसं एका वेळी एक खाच घेतो, तसंच असेल असं धरलं.
पाणी दौतीतल्या शाईसारखं झालं. मासे दिसेनात. अर्ध्या तासाने पाचही वर येऊन तोंड उघडत होते. घाबरलो. पाणी तांब्या-तांब्याने उपसलं. बादलीत ठेवलेलं पाणी पुरेना, म्हणून नळाला पाइप लावून थेट टाकीत सोडलं. माहीत असून सोडलं.
दुपारी दोन मेले. पुढे लिहवत नाही.

१६ मे, शनि.
सकाळी थोरला गेला. सुमन आली तेव्हा तो ताटलीत होता. आज ती हसली नाही. बाजारात बांगडा बघावा तसा अंगठ्याने त्याचा कल्ला उचलून पाहिला. म्हणाली, "मास्तर, हें भितरसून भाजलां. उदकांत कितें घातलें तुमी?"
सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं की पाणी आणणारे ते कुठे गेले. मी म्हटलं, येत नाहीत. ती म्हणाली, मग तुम्ही जा. पाटी डोक्यावर घेऊन निघून गेली.
परसात जास्वंदीखाली तिघांना पुरलं. दोन राहिले, एकाची शेपूट फाटलेली. माझ्या हाताने झालं हे. विचारायला घरात कोणी नाही आणि जो आहे त्याला मीच घालवला.

१७ मे, रवि.
गेलो. सायकलच्या कॅरियरला कॅन बांधून, भर उन्हात सर्वण. वाटेत तीनदा परतायचा विचार.
दत्ता पडवीत पेपर वाचत होता. मला पाहून पेपर वर केला. त्याच्या बायकोने काही न विचारता कॅन घेतला आणि विहिरीवर गेली. मी पायरीवरच उभा. रहाट ऐकू येत होता. पाणी मिळणारच होतं, ते घेऊन तसाच परतलो असतो तरी चाललं असतं. पण दोन मासे राहिलेत आणि औषध तर घालायचं आहे.
म्हटलं, "दत्ता, त्या निळ्या वखदाचें माप कितें?"
पेपराआडून आवाज आला, "कित्याक, लेबल वाचूंक येना तुका?"
हे शब्द त्याने चौदा आठवडे जपून ठेवले असणार. मी म्हटलं, "ना. येना."
पेपराचं पान उलटलं. मग त्याने विचारलं, किती घातलंस. म्हटलं, एक खाच. पेपर खाली आला. दाढी वाढलेली, तीही पांढरी. मला वाटलं आता फाडून खाणार. तो हळूच म्हणाला, "ती खाच वयनीच्या खोकल्याची रे."
बाटली सुशीलाची. शेवटच्या महिन्यातलं मिक्श्चर. संपल्यावर त्याने धुऊन निळं औषध भरलं होतं, पट्टी काढायची राहिली. मीच तिला रोज तीनदा त्या खाचांनी औषध पाजलं आणि ओळखली नाही.
मग माप सांगितलं. दोन लिटरला एक थेंब. ड्रॉपर दिला. कॅन त्याने स्वतः कॅरियरला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. रविवारी येशील का, हे विचारायचं होतं. मंडपातल्या बोलण्याबद्दलही बोलायचं होतं. मी म्हटलं, येतो. तो म्हणाला, बरें.

२१ मे, गुरु.
रविवारीच वीस थेंब घातले, मोजून. पाणी फिकं निळं. ठिपके कमी. शेपूटफाट्या आज पावाला वर आला.

२४ मे, रवि.
दहा वाजता स्कूटरचा आवाज. शेजारच्या पोस्टमनची. चहा दोघांचा टाकला होता. दोन्ही कप मीच प्यालो.

३० मे, शनि.
आज गोवा राज्य झालं. बाजारात फटाके, पेढे. मलाही दोन मिळाले. लोक विचारत होते, मास्तर, खूश? म्हटलं, खूश. पेढा कोणाला द्यावा असं फक्त एक घर डोक्यात आलं, आणि ते सर्वणला. एक खाल्ला, दुसरा कागदात गुंडाळून ठेवला.
मासे दोन्ही बरे. अंगावर एकही ठिपका नाही. बाटलीवरची पट्टी भिजवून काढायला बसलो होतो. काढली नाही. 'मासे' शब्दाखाली माझ्या अक्षरात माप लिहिलं.
उद्या रविवार. कॅन धुऊन पडवीत ठेवला, रस्त्यावरून दिसेल असा. सायकलीत हवाही भरली. दहाची वाट पाहीन, साडेदहाची पाहीन, मग निघेन. या वेळी मंडपातलं आधी बोलायचं, मग पाणी मागायचं.
पाणी तसं अजून आठवडाभर पुरेल.