बोडीचा तळ

१२ एप्रिल १९९८
शेतातल्या तळ्याचं, बोडीचं, पाणी पाळीच्या बांधापासून बरंच खाली गेलं. यंदा गाळ काढायचाच. दरवर्षी पुढे ढकललं, म्हणून धानाला शेवटचं पाणी पुरत नाही. कामाला येणाऱ्या सुमनबाईला मजूर सांगायला पाठवलं. रिकामी परत. "मास्तरीनबाई, कोनी हो म्हनत नाई. गाळात मास्तर सापडले तं हात कोन लावल, म्हन्तेत."
मी लावीन, म्हटलं.
गेल्या आषाढात हे भर पावसात पाळ बघायला गेले. परत आले नाहीत. छत्री पाळीवर सापडली. तेव्हा जाळी टाकून पाहिलं, काही लागलं नाही. पाणी खोल होतं.

१५ एप्रिल
विलास आरमोरीहून आला. वर्ष होत आलं आई, बाबांचं पुण्यानुमोदन करू, भन्तेजींना सांगून ठेवतो म्हणाला. म्हटलं, आधी बोडी रिकामी होऊ दे. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी त्यांना मेलेले म्हणणार नाही.
"अन् नाई सापडले तर?"
चिंचा फोडायला घेतल्या. त्यालाही बसवलं.

२१ एप्रिल
उजाडताच पाळीवर. रोज जाते. पाणी किती उतरलं ते बघायला, दुसरं काही नाही.
आज मधोमध काळं काहीतरी वर आलेलं. खांद्यासारखं. ऊन चढेपर्यंत तिथेच बसले. मग कळलं, ऐनाच्या झाडाचा खुंट आहे.
कुंपणाचे काटे अर्धे बदलले. हात भरून ओरखडे.

२७ एप्रिल
सुमनबाई मोहफुलं वाळत घालताना सांगते, भर बारा वाजता पाळीवर कोणीतरी उभं असतं. गुराख्यांनी पाहिलं. गुरंसुद्धा तिथलं पाणी पीत नाहीत म्हणे. खोटं. गुरं पितात, मी पाहिलं आहे. फक्त लाल गाय पीत नाही, पण ती पहिल्यापासून नखरेल.
देव आणि भुतं, आम्ही दोन्ही छप्पन सालीच सोडली. बारा वाजता स्वतः जाऊन पाळीवर उभी राहिले. डोक्यावर पदर, पाय पोळले. कोणी नाही. येऊन सुमनबाईला तसं सांगितलं.

२८ एप्रिल
गावात नवीन बातमी. काल पाळीवर दोघं होते.
सुमनबाई हसत सांगत होती. मग माझ्याकडे बघून मोहफुलं उलटवायला वळली. एक तर मीच. दुसरं कोण, ते मी विचारलं नाही.

६ मे
मासे धरणारा नत्थू आला. बोडी आटली की सारं गाव टोपल्या घेऊन उतरतं, नत्थू पुढे. मग पाळीवर वाटे पडतात. घरामागे नाही, जित्या माणसामागे एक. पाळण्यातल्या पोरालाही वाटा. यंदा कोणी चौकशीलाही आलं नव्हतं.
"नत्थूभाऊ, तुला भीती नाही वाटत?"
"वाटते नं बाई. पन मास्तरनं मले सही शिकवली. त्यायले असंच गाळात ठेवू काय?"
उद्या इंजिन लावून उरलेलं पाणी उपसायचं.

८ मे
इंजिन दोन दिवस चालू. आवाज थांबला की कोणी खाकरल्यासारखं वाटतं. ढोकरी बगळा असेल. ह्यांना उन्हाळ्यात खोकला असायचा.
विलासला निरोप धाडला.

९ मे
पाणी संपलं. नत्थू कमरेएवढ्या गाळात बांबू खुपसत पुढे. मागे मी, साडी खोचून. विलास नको म्हणत होता, ऐकलं नाही. पाळीवर हळूहळू गाव जमलं, पण कोणी उतरेना. कोपरान् कोपरा चाचपला. जिथे काही कडक लागे, तिथे मी हात घातला. दगड. फुटकी घागर. मुळं.
दुपारी नत्थू उभा राहिला. "नाई बाई. इथी कोनी नाई."
पाळीवर एकदम कालवा उठला. "मास्तर जिते हायेत." टोपल्या घेऊन सगळे धावत उतरले, पोरं, म्हातारे. वर्षभराचा मासा, मोठाले मरळ. विलासने हात धरून मला वर आणलं.
संध्याकाळी नत्थूची बायको वाटे घेऊन आली. दोन. एक तुमचा, एक मास्तरचा.
दोन्ही रांधले. एक खाल्ला.

१४ मे
मजूर आले आता. गाळ गाड्यांनी धानाच्या बांध्यांत पडतो आहे. भेगाळलेल्या तळाशी उतरते, चालून येते. वर्षभर वाटायचं, इथे आहेत. भांडायचं तर इथे येऊन भांडायची.
छत्री मिटलेली होती. एवढ्या पावसात मिटलेली. पाण्यात नाहीत, म्हणजे पायांनी गेले. कुठे, आणि माझं काय खुपलं?
वाटेवर गाव विचारतं, मास्तर कवा येतेत. आनंदाने विचारतात. पूर्वी नजर चुकवायचे, ते बरं होतं.

२ जून
गाळ पसरून झाला. पाळीला पडलेली खांडं बुजवली. आभाळ भरून येतं, जातं.
विलास आला. जेवला. मग म्हणाला, "आई, लग्नाचं बोलायला पोरीकडचे लोक येऊन राह्यले रविवारी. पहिले बाबांचंच विचारतीन. वारले म्हणू, का सोडून गेले म्हणू?"
पोळी तव्यावर होती. उलटवली.
म्हटलं, सांग, बाबा घरी नाहीत.